गाडी पारखावी मागच्या आसनावरून

गाडी घ्यायची ठरली, की घरातली तरुण मंडळी पुढे बसून बटणे दाबून पाहतात. पण आजी-आजोबा बसणार मागे, त्यांचे काय?

मारुतीची २०२२ ची ब्रेझा आणि टाटांची २०२३ ची नेक्सॉन, या दोघींचेच पाहा ना! दोन्ही चार मीटरांच्या आत. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ब्रेझाचे २५०० मिलिमीटर, नेक्सॉनचे २४९८. अगदी जुळ्या बहिणी! सामानाची जागा मात्र ब्रेझात ३२८ लिटर, नेक्सॉनमध्ये ३८२. ब्रेझा सीएनजीची घेतलीत, तर टाकी डिकीतच ठाण मांडते; मग बॅगा ठेवायच्या कुठे?

महागड्या नेक्सॉनमध्ये पुढच्या आसनांतून हवा खेळते. महागड्या ब्रेझात वेगाचा आकडा चालकाच्या नजरेसमोर काचेवर उमटतो. पण ही सारी चैन पुढच्यांची!

म्हणून वाचकहो, आजोबांनाच दुकानात न्या. दोन्ही गाड्यांत पाव-पाव तास मागे बसवा. गुडघे समोर टेकतात का, मांडीला आधार मिळतो का, चढताना डोके आपटते का, ते पाहा. जिच्यातून ते गुडघा न चोळता उतरतील, ती गाडी तुमची!