डिपर मारूनही डोळ्यात जाणारा उजेड

मंडळी, रात्री समोरून डोळे दिपवणारी गाडी आली की आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, "अरे, डिपर मार की!" वर समोरच्याच्या संस्कारांचा उद्धारही करतो. मीही वीस वर्षं तेच केलं. पठाणकोटच्या पोस्टिंगमध्ये हे वाक्य मला स्वतःला ऐकून घ्यावं लागलं आणि माझं मत बदललं.

डिसेंबरची संध्याकाळ होती. गुरदासपूरकडून आतल्या रस्त्याने माझ्या छोट्या गाडीतून परत येत होतो. दोन्ही बाजूंना ऊस आणि रस्ता जेमतेम दीड गाडीचा. समोरून एक स्कूटर येत होती. जवळ येता येता ती एकदम डगमगली आणि कच्च्यात उतरून आडवी झाली. मी गाडी थांबवून धावलो. एक सरदारजी आणि पुढे उभी केलेली सहा-सात वर्षांची मुलगी. नशिबाने खरचटण्यावर भागलं. मुलगी रडतही नव्हती, नुसती डोळे चोळत होती. सरदारजी म्हणाले, "फौजी साब, डिपर तो मार देते!"

मी म्हणालो, डिपरच आहे. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा गाडीशी नेऊन दाखवलं. त्यांनी समोर वाकून पाहिलं आणि म्हणाले, "फिर तो बत्ती टेढ़ी है जी."

खरं सांगतो, लाज वाटली. ज्या फौजेत रात्रीच्या ब्लॅकआउट कॉन्व्हॉयमध्ये पुढच्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा पांढरा रंगवलेला गोळा आणि त्यावरचा इवलासा दिवा बघत गाडी हाकायला शिकवतात, त्या फौजेतला मी. युनिटच्या गाड्यांची फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड व्हायची आणि माझी स्वतःची गाडी मात्र रामभरोसे.

दुसऱ्या दिवशी गाडी एमटी पार्कमध्ये नेली. आमचा एमटी हवालदार कागलकडचा. बॉनेट उघडून आत हात घातला आणि म्हणाला, "साहेब, गाडी तिरळी झालीया. उजव्या लॅम्पचा खालचा कानच तुटलाय." तेव्हा आठवलं, दोन महिन्यांपूर्वी पुढून हलकीशी ठोकर बसली होती. गॅरेजवाल्याने बंपर चकाचक बसवून दिला, पैसे घेतले, पण लॅम्प मागे कलंडलेला तसाच ठेवला. दिवा पेटतो ना, मग झालं!

हवालदाराने जे केलं ते कोणालाही जमण्यासारखं आहे, म्हणून नीट सांगतो. आधी चारही टायरची हवा बघितली. सपाट काँक्रीटवर, भिंतीपासून बरोबर १० मीटरवर गाडी सरळ उभी केली. ड्रायव्हरच्या सीटवर एक जवान बसवला, कारण वजनाने गाडीचा कल बदलतो. डॅशबोर्डवरचं दिवे खालीवर करायचं चाक शून्यावर ठेवलं. जमिनीपासून लॅम्पच्या मध्यापर्यंतची उंची मोजली, ६८ सेंटीमीटर. तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी. डिपर लावला आणि एका दिव्यापुढे पुठ्ठा धरला. उजेडाची वरची कड या खालच्या रेघेवर बसायला हवी. आपण डावीकडून चालणारे, म्हणून डाव्या कडेला उजेड थोडा वर चढतो. कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून तो तसाच बनवलेला असतो.

माझ्या उजव्या दिव्याची कड वरच्या रेघेच्याही २० सेंटीमीटर वर होती. भिंतीवर हे मामुली दिसतं. पण उजेड सरळ रेषेत वर चढत जातो. ५० मीटरवर ती कड पावणेदोन मीटरच्या आसपास पोचते. म्हणजे स्कूटरवाल्याचे डोळे पूर्ण उजेडात. उलट नीट बसवलेला दिवा त्याच अंतरावर गुडघ्याच्याही खाली असतो. कान बदलून लॅम्प जागेवर आणला आणि लॅम्पमागचा स्क्रू चार-पाच वेळा फिरवला. काम संपलं.

म्हणून माझं म्हणणं असं की रस्त्यावर आपण ज्याला उर्मटपणा समजतो, तो पुष्कळदा ढिला स्क्रू असतो. त्या माणसाला पत्ताच नसतो, कारण स्टिअरिंगमागे बसून आपला उजेड झकास लांबवर दिसतो! नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, तो दिपता कामा नये. पण पाहतो कोण? पीयूसीवाला धूर तपासतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, तोवर अधिकाऱ्यापुढे गाडी न्यायची वेळ सहसा येत नाही. पीयूसी केंद्रांना एक भिंत आणि दोन रेघा सक्तीच्या करायला सरकारला असा कितीसा खर्च येणार आहे?

आणि बाजारातून एलईडी बल्ब आणून हॅलोजनच्या लॅम्पमध्ये कोंबणाऱ्यांना हात जोडतो. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती उजेड अडवून वर जाऊ देत नाही. लॅम्पची सगळी घडण त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. जागा चुकली की उजेड चौफेर उधळतो, मग स्क्रू कितीही फिरवा.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यातल्या एमटीवाल्यांना हे सगळं हाताखालचं काम आहे. गेल्या सुट्टीत मी गावात समाजमंदिराच्या भिंतीवर रेघा मारल्या. पहिल्या संध्याकाळी सहा गाड्या आल्या, त्यांतल्या चार वर बघत होत्या. एक आमच्या थोरल्या भावाची. दादा म्हणाला, "मला वाटायचं समोरचे मला ओळखून लाईट मारतात."

पावसात खडू धुऊन गेलाय. पुढच्या सुट्टीत ऑइलपेंटने आखायचंय.