तळ्यासाठी झाड तोडू नका, तळं सरकवा



गेल्या आठवड्यात शेजारच्या शिवारात घरामागच्या छोट्या तळ्यासाठी चाळीसेक वर्षांची चिंच पाडली. कारण काय, तर "सावलीत पाणी नासतं."

नासत नाही. पाणी नासतं ते कुजणाऱ्या पाल्यानं. पाला आवरता येतो, पाडलेली चिंच आपल्या हयातीत परत उभी राहत नाही.

आता उन्हाचा हिशोब करा. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात मे महिन्यात उघड्या तळ्याचं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर उडतं. म्हणजे महिन्याला फूटभर. तीन फुटांच्या तळ्यातलं एक फूट नुसतं हवेत! वर शेवाळ माजतं ते उन्हातच.

मग तळं बुंध्याशी खोदायचं का? अजिबात नाही. मुळं तुटतात, झाड खचतं, पाला थेट पाण्यात पडतो. तळं फांद्यांच्या घेराबाहेर, झाडाच्या पूर्वेला घ्या. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर सावली येते. वड, पिंपळ, उंबर असेल तर आणखी लांब जा. त्यांची मुळं ओलीचा माग काढत सिमेंटलाही तडे देतात.

देखभाल एवढीच: पानगळीत वरून जुनी शेडनेट ताणा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळाचा काळा गाळ उपसून केळी-नारळाच्या आळ्यात टाका. डासांसाठी गप्पी मासे सोडा, पण तळ्यापुरतेच, ओढ्यात जाऊ देऊ नका. एक कड उताराची, दगड लावून ठेवा. सरळ कडेच्या प्लास्टिकच्या तळ्यात पडलेली खार काय, माणूसही वर येत नाही. घरात लेकरं असतील तर कुंपण आधी, पाणी नंतर.

आणि सावलीत कमळाचा हट्ट नको. त्याला भरपूर ऊन लागतं, सावलीत फुलत नाही, मग दोष तळ्याला. त्यापेक्षा काठाला अळू, वेखंड लावा.

कुऱ्हाड उचलायच्या आधी चार खुंट्या अन् सुतळी घ्या. उन्हाळ्यात दुपारी तीनला सावली कुठं पडते ते आखा. तळं दहा फूट सरकतं. झाड सरकत नाही.