संघ चालवण्याचा खेळ आणि खेळाचा बाजार

महाडहून जवळच, सावित्रीच्या काठी सव हे गाव आहे. गरम पाण्याच्या कुंडांसाठी ते पंचक्रोशीत ओळखले जाते. या गावातून आणि पोलादपूरकडच्या वाड्यांतून एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने मध्यंतरी तास संपल्यावर प्रस्तुत लेखकाला गाठले आणि एक प्रश्न विचारला. पन्नास लाखांना पाच वर्षांच्या कराराने घेतलेला खेळाडू तीन वर्षांनी विकायचा झाला, तर त्याची किंमत वहीत किती धरायची? दरसाल दहा लाख वजा जाऊन वीस लाख उरतात, हे उत्तर त्याने स्वतःच काढलेले होते. त्याला केवळ खात्री करून घ्यायची होती. घसारा ही कल्पना फळ्यावर दोनदा मांडूनही ज्यांच्या गळी उतरली नव्हती, त्यांपैकीच हा एक मुलगा. हे ज्ञान कोठून आले, असे विचारता कळले की, मोबाइलवरच्या फुटबॉलच्या खेळात तो गेले वर्षभर एक संघ चालवीत आहे.

असल्या खेळांचे नाव काढले की आपल्या शिक्षकवर्गाच्या कपाळाला आठ्या पडतात. वेळेचा अपव्यय, डोळ्यांचे नुकसान, अभ्यासाची हेळसांड हे आक्षेप खोटे आहेत असे मुळीच नाही. परंतु सरसकट नाक मुरडण्यापूर्वी या खेळांतही प्रकार आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. एका प्रकारात बोटांच्या चपळाईने गोल करावयाचा असतो. दुसऱ्या प्रकारात खेळणारा संघाचा व्यवस्थापक होतो. खेळाडू घेणे, विकणे, पगार ठरवणे, पोरसवदा मुलांना तयार करणे आणि हे सारे पंधरा-वीस हंगाम निभावून नेणे, असे त्याचे स्वरूप. १९९२ साली इंग्लंडमध्ये कॉलियर बंधूंनी तयार केलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हा या परंपरेतला महत्त्वाचा टप्पा; आजचा 'फुटबॉल मॅनेजर' त्याचाच वारस. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. पण त्यावरच्या 'मॅडन' या मालिकेत १९९८ साली हाच प्रकार 'फ्रँचाइझी मोड' या नावाने आला. 'फिफा' मालिकेत त्याला 'करिअर मोड' म्हणतात. २०२१ साली बाजारात आलेल्या 'फिफा २२' मध्ये आपली इंडियन सुपर लीगही समाविष्ट झाली आणि कोकणातल्या मुलाला मुंबईचा वा गोव्याचा संघ हाती घेण्याची सोय झाली.

धीर, काटकसर आणि दूरदृष्टी यांची थोडीफार शिकवण देणारा हा प्रकार निर्मात्यांनी जोपासावयास हवा होता. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांनी त्याला सावत्र लेकरासारखे वागवले, अशी जगभरच्या खेळणाऱ्यांची तक्रार आहे. तिचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. फ्रँचाइझी मोड खेळणारा एकदा पैसे मोजतो आणि वर्षभर खेळतो. त्याच खेळाच्या दुसऱ्या दालनात मात्र, 'अल्टिमेट टीम' या नावाखाली, बंद पाकिटे विकली जातात. पाकीट फोडावे, आत नामांकित खेळाडू निघाला तर नशीब, न निघाला तर दुसरे घ्यावे. जत्रेतल्या सोडतीचाच हा प्रकार. मार्च २०२१ अखेर संपलेल्या वर्षात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीला अशा दालनांतून १.६२ अब्ज डॉलर मिळाले. तिच्या एकूण उत्पन्नाचा हा सुमारे २९ टक्के भाग होता. जेथे रोज गल्ला भरतो तेथेच दुकानदार रंगरंगोटी करणार, हे उघड आहे. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. लाभाचा ओढा ज्या दिशेला, त्या दिशेला कामगारांचे तास आणि कल्पकता वाहत जातात.

यावर उतारा स्पर्धेचा असतो. खेळ नापसंत पडला तर गिऱ्हाइकाने दुसऱ्याचा घ्यावा. पण अमेरिकेत ही वाटही बुजवण्यात आली. २००४ साली एका प्रतिस्पर्धी कंपनीने आपला फुटबॉलचा खेळ अवघ्या २० डॉलरना विकावयास काढला, तेव्हा 'मॅडन'लाही भाव उतरवावा लागला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तेथील राष्ट्रीय फुटबॉल लीगची नावे व चिन्हे वापरण्याचा अनन्य परवाना मिळवला आणि त्या लीगवरचा प्रतिस्पर्धी खेळ बाजारातून नाहीसा झाला. पुढे ग्राहकांनी मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. २०१२ साली कंपनीने २.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. मक्तेदारीत भाव वाढतो, हे आपण शिकवतो. भाव न वाढताही मालाचा कस उतरू शकतो, हे शिकवावयाचे बहुधा राहून जाते.

तथापि ग्राहक अगदीच हतबल असतो असे नाही. २०२० साली 'मॅडन'च्या खेळणाऱ्यांनी फ्रँचाइझी मोडकडे झालेल्या दुर्लक्षाविरुद्ध एवढा गिल्ला केला की, कंपनीला त्याच वर्षी विनामूल्य सुधारणा जाहीर कराव्या लागल्या आणि पुढच्या आवृत्तीत प्रशिक्षकवर्गाची नेमणूक व नवोदितांची पारख या अंगांकडे लक्ष पुरवावे लागले. उलट बाजूचे उदाहरणही नमूद केले पाहिजे. 'फुटबॉल मॅनेजर'च्या निर्मात्यांनी २०२५ची आवृत्ती आपल्याच कसोटीला उतरत नाही असे सांगून फेब्रुवारी २०२५ मध्ये ती रद्द केली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. नोव्हेंबरात आलेल्या नव्या आवृत्तीवरही टीका झालीच. पण अपुरा माल न विकण्याचा प्रामाणिकपणा आजच्या बाजारात दुर्मिळ आहे.

वाचक म्हणतील, अमेरिकेतल्या खेळाचे गुणदोष महाड-पोलादपूरच्या माणसाने का चिवडावेत? याचे उत्तर असे की, संस्था कशी चालते याचे पहिले धडे आपली मुले आज येथेच गिरवीत आहेत. एके काळी ते गणेशोत्सवाच्या मंडळात, तालमीत, कबड्डीच्या संघात मिळत. म्हणून या पाठ्यपुस्तकात काय आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय गाळले आहे, हे तपासणे आपले काम ठरते.

गाळलेला धडा महाराष्ट्राइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. २००५-०६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ २०१० साली विसर्जित झाला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी दहा वर्षांनी संपला. पुण्याने पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स असे संघ पाहिले. त्यांतला एकही टिकला नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादहून दिल्लीला. बालेवाडीच्या मैदानावर पाच वर्षे घसा कोरडा करून ओरडणाऱ्या प्रेक्षकाला यांपैकी काहीही कोणी विचारले नव्हते. खुद्द लीगचीही हीच गत. २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा हक्ककरार संपत आला, नव्या निविदेला नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदतीत एकही बोली आली नाही, आणि २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. 'मॅडन'मध्ये मालक होऊन संघ दुसऱ्या शहरी हलवण्याची सोय आहे. मात्र मागे राहिलेल्या शहराचे काय झाले, हे तो खेळ दाखवीत नाही. सारा व्यवहार मालकाच्या खुर्चीतून दिसतो.

तेव्हा सुधारणा कोणत्या व्हाव्यात? पहिली, हिशेब सर्वांना सारखा असावा. खेळणाऱ्याने काटकसर करावी आणि संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्धी संघांनी वाटेल ती उधळपट्टी करूनही तगून राहावे, यातून चुकीचे अर्थशास्त्र शिकवले जाते. दुसरी, नवोदित खेळाडू यंत्राने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उपजू नयेत. मैदान, शाळा आणि शिक्षक यांवर ज्याने दहा वर्षे खर्च केला, त्याच्याच परिसरातून ते यावेत. तिसरी, प्रेक्षकाला मत असावे. जर्मनीत १९९८ पासून, काही अपवाद वगळता, संघाच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. खेळात असा संघ चालवावयास मिळाला, तर मालकीचे एकाहून अधिक प्रकार असतात, एवढे तरी मुलाला कळेल. चौथी, वाईट वर्षे यावीत. प्रायोजक हात आखडता घेतो, लीग बंद पडते, मैदान हातचे जाते. यांतून सावरण्याची परीक्षा हीच व्यवस्थापनाची खरी परीक्षा होय. आणि पाचवी, दैवाच्या पाकिटांचा धंदा मुलांपुरता तरी थांबावा. बेल्जियमने २०१८ मध्ये त्याला जुगार ठरवले आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला तेथे ही विक्री बंद करावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. या पाकिटांचा विचारही त्याच काटेकोरपणे व्हावयास हवा.

एवढे सारे घातले तर खेळाची मौज जाईल, असा युक्तिवाद केला जाईल. तो टिकणारा नाही. ज्या मुलाने वीस लाखांच्या उत्तराची खात्री करण्यासाठी प्राध्यापकाला गाठले, त्याला मौज त्या हिशेबातच वाटत होती. कठीण गोष्ट रंजक असू शकते, यावर शिक्षकांनीच विश्वास ठेवला नाही तर कोणी ठेवावा?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले. पाणी ओसरल्यावर घरे-दुकाने धुता धुता लोक टेकीस आले. नदीकाठच्या मैदानांवर गाळ बसला होता. त्या मुलाला विचारले, तुमच्या गावच्या पोरांचा संघ त्या वर्षी काय करीत होता? तो म्हणाला, "पावसाळा सरल्यावर आम्हीच घमेल्यांनी गाळ काढला, सर. जाळी गेली होती. वर्गणी काढून नवी आणली." आणि मग जरा थांबून, "गेममध्ये वर्गणीचा रकानाच नाही."

त्याचे म्हणणे खरे आहे. तो रकाना खेळात येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या शाळा-महाविद्यालयांनी एवढे करावे की, क्रीडा मंडळाचा जमाखर्च वर्षातून एकदा विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्यावा. मोबाइलवर परक्या संघाचा घसारा काढणारी मुले आपल्या मैदानाचा हिशेबही चोख ठेवतील, यात प्रस्तुत लेखकाला शंका नाही.