डॉक्टर व्हायचंय, मग मॅथ्स ठेवायचं का?

दहावीचा निकाल लागला की गणपतीपुळ्यात, मालगुंडात हा प्रश्न हमखास निघतो. 'असू दे मॅथ्स, दोन्हीकडचे पर्याय राहतील,' असं घरचे म्हणतात. सल्ला काळजीपोटीच असतो, पण त्याला लागणारा वेळ कुणी मोजत नाही.

'नीट'चे 720 गुण, त्यातले निम्मे म्हणजे 360 बायोलॉजीचे. मॅथ्सचा एकही नाही. 2025 पासून पर्यायी प्रश्नही गेले. 180 मिनिटांत 180 प्रश्न. एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी गट वेगळे, म्हणजे दोन्ही द्यायचे तर तयारीही दुप्पट. त्यात पुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेमार्गे साधारण 25 किलोमीटर. एसटीत रोजचे दोनेक तास जातात, स्टॉपवर ताटकळणं वेगळंच. कॉलेजच्या शेजारी राहणाऱ्याला पीसीएमबी झेपतं म्हणून तुम्हालाही झेपेल, असं नाही.

मॅथ्स सोडलं की इंजिनीअरिंग जवळजवळ संपलं, हे खरंय. पण फार्मसी, अ‍ॅग्रीकल्चर पीसीबीच्या सीईटीवर मिळतं. आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी 'नीट'मधूनच. आणि मन खरंच इंजिनीअरिंगकडे असेल तर उलटा रस्ताही आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2023 च्या निर्णयानुसार बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून देऊनही 'नीट'ला बसता येतं. 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती त्यामुळे बरीच कमी झालीय. (पीसीबीवाल्यांनो, फिजिक्समध्ये थोडं कॅल्क्युलस येतंच, त्यातून सुटका नाही!)

प्लॅन बी मात्र हवाच. रत्नागिरीत 2023 ला 100 जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा 'आता आपल्या पोरांचं काम झालं' असं अनेकांना वाटलं. पण 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्येच रद्द झालाय. इथल्या राज्य कोट्याच्या जागेसाठी नागपूर-लातूरचा विद्यार्थीही त्याच यादीत असतो.

माझं मत विचाराल तर, दहावीत गणित आवडीनं सोडवत असाल तरच चौथा विषय घ्या. मित्रानं घेतला म्हणून नको. घेतलाच तर पहिल्या दोन-तीन युनिट टेस्टमध्ये बायोलॉजीचे मार्क घसरतायत का, ते बघा. विषय बदलायची शेवटची तारीख ऑफिसात आधीच विचारून ठेवा, कारण ती नोटीस बोर्डावर कधी लागते आणि कधी निघते, कळतही नाही.