बनावट विनंती कोणाची?

चिन्हक आणि चिन्हित यांतील नाते यादृच्छिक असते, हे भाषाविज्ञानाच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच सांगितले जाते. संगणकांच्या जगाने ते कधी मनावर घेतले नाही, अशी आमची तक्रार आहे. आणि साहित्याचे लोक 'तो अभियंत्यांचा प्रश्न' म्हणून हात झटकतात, ही दुसरी.

२०१९ साली कॅपिटल वन या अमेरिकी बँकेकडील माहिती चोरीस गेली: अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची. तिजोरी कोणी फोडली नाही. दाराशी बसवलेल्या संरक्षक प्रणालीलाच बाहेरून सांगण्यात आले की, आतल्या अमुक पत्त्यावर विचारणा कर. पत्ता होता १६९.२५४.१६९.२५४. अमेझॉनच्या क्लाउडमधील यंत्रांना त्यांच्या तात्पुरत्या किल्ल्या तेथून मिळत. विचारणारा आतला आहे, एवढाच पुरावा तेव्हा पुरत असे. दरवानाने निमूटपणे किल्ल्या आणून दिल्या, आणि त्यांनी गरजेपेक्षा अधिक दालने उघडली.

या प्रकाराला 'सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी' म्हणतात. आमचा आक्षेप या नावावरच आहे. फोर्जरी म्हणजे बनावट. येथे बनावट काय आहे? विनंती खरी, ती सर्व्हरनेच केली, हस्ताक्षरही त्याचेच. परकी आहे ती केवळ इच्छा. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली अशाच पेचाला 'कन्फ्यूज्ड डेप्युटी', म्हणजे गोंधळलेला मुखत्यार, म्हटले होते. ते नाव कितीतरी प्रामाणिक होते. 'बनावट' म्हटले की दोष सारा बाहेरच्या भामट्याच्या माथी जातो आणि 'आतला तो आपला' हा भाबडा सिद्धान्त शाबूत राहतो. मराठीत 'विनंतीची बनावट' असा शब्द रूढ करू पाहणाऱ्यांनी ही चूक तरी आयात करू नये. आम्ही 'परप्रेरित विनंती' म्हणू.

यावर ठरलेले उत्तर येते: निषिद्ध पत्त्यांची यादी करा, नाव तपासा. येथेच चिन्हक डाव साधतो. 'डीएनएस रीबाइंडिंग'मध्ये नाव हल्लेखोराच्या मालकीचे असते. ब्राउझरने प्रथम विचारले की ते त्याच्या स्वतःच्या सर्व्हरकडे बोट दाखवते. क्षणभराने पुन्हा विचारले की १९२.१६८.१.१ कडे, म्हणजे बहुधा तुमच्या घरच्या राउटरकडे. नाव तेच राहिल्यामुळे ब्राउझरच्या लेखी मूळही तेच. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी जावा ॲप्लेटच्या संदर्भात ही युक्ती १९९६ साली दाखवली. २००७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांना ती पुन्हा सविस्तर मांडावी लागली. अकरा वर्षे! सर्व्हरच्या चाळणीलाही हीच युक्ती चकवते: तपासताना नावाचा एक अर्थ, प्रत्यक्ष जाताना दुसरा.

उपाय गूढ नाहीत. नावाचा पत्ता एकदाच काढावा, तो पत्ता तपासावा आणि जोडणी त्याच पत्त्याशी करावी. आतल्या सेवांनी आतल्यांकडेही ओळख मागावी, आणि कोणी परक्या नावाने हाक मारली तर ओ देऊ नये. अमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये किल्लीआधी टोकन मागणारी नवी पद्धत आणली खरी. पण जुनी वाट तेव्हा उघडीच ठेवली, ती बंद करण्याचे काम ग्राहकाचे. दंड मात्र २०२० साली बँकेला झाला, ८ कोटी डॉलरचा.