कुरणातली शाळा आणि खर्चाचा हिशेब

जूनच्या मध्याला महाराष्ट्रातील बहुतेक शाळा उघडतात, तेव्हा डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्टीत मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो आणि जमिनीतून शेवळे वर आलेली असतात. शेवळ्याची भाजी नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, तिच्यात काकडे नावाची आंबट फळे घालावी लागतात, हे तेथील सात-आठ वर्षांच्या वारली मुलीला ठाऊक असते. शेवळे कोणत्या उतारावर आधी दिसतात आणि खाण्याजोगी किती दिवस राहतात, हेही ती सांगू शकते. ज्ञानाचा हा ऐवज बरोबर घेऊन ती शाळेची पायरी चढते आणि तेथे ‘परिसर अभ्यास’ या विषयाच्या पुस्तकातील चित्रावरून खोड, पान व मूळ यांची नावे पाठ करू लागते. खरा परिसर खिडकीबाहेर असतो. तिकडे पाहणाऱ्या मुलाचे अभ्यासात लक्ष नाही म्हणून त्याला दटावले जाते.

इकडे मोठ्या शहरांत नेमका उलटा प्रकार दिसतो. मुलांना झाडाखाली बसवून शिकवू, मातीत हात घालू देऊ, आठवड्यातून काही तास शेतावर नेऊ, अशी हमी देणाऱ्या खाजगी शाळा निघाल्या आहेत आणि त्यांचे शुल्क शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगाराला झेपणारे नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. जी वस्तू दुर्मीळ होते तिला किंमत येते, आणि शहरात मोकळी जागा दुर्मीळ झाली आहे. आश्चर्य याचे वाटते की, जेथे ही वस्तू मुबलक आहे तेथील शाळाही तिच्याकडे पाठ करून बसल्या आहेत. उघड्यावरचे शिक्षण ही श्रीमंतांची चैन आणि चार भिंतींतले शिक्षण हा गरिबांचा हक्क, अशी विचित्र वाटणी आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

वास्तविक या कल्पनेचा उगम चैनीत नाही. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ साली पहिली ‘अरण्यशाळा’ निघाली, ती शहरातील अशक्त व क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकाच्या आरंभी एल्ला फ्लाटाऊ या बाईंनी लहान मुलांना रोज रानात नेण्यास सुरुवात केली आणि तेथून हा प्रघात जर्मनी व इंग्लंडपर्यंत पसरला. त्याआधी अर्धशतक, १९०१ साली, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले होते, हे सर्वांना माहीतच आहे. परंतु महाराष्ट्राला या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बर्लिनला किंवा बोलपूरला जाण्याची गरज नाही. कोसबाडच्या टेकडीपर्यंत गेले तरी पुरे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंनी त्यापूर्वी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. ती पद्धत उत्तम, पण तिची साधने महाग. खेड्यातील बालवाडीला ती परवडणे शक्य नव्हते. तेव्हा बोर्डीला शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने झाली. पैशाची अडचण होती म्हणून हे घडले हे खरे, पण त्यातून निसर्ग हेच शिक्षणाचे साहित्य होऊ शकते हा धडा मिळाला. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडला गेले आणि तेथे आदिवासी मुलांचा प्रश्न त्याच्या खऱ्या स्वरूपात समोर आला.

प्रश्न असा की मुले शाळेत येतच नव्हती. आली तरी टिकत नव्हती. आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही, हे त्या काळी सर्रास दिले जाणारे आणि आजही अधूनमधून ऐकू येणारे स्पष्टीकरण या दोघींनी मानले नाही. मुले गुरे राखीत होती. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत होत्या. अर्थशास्त्रात ज्याला संधित्यागाचा खर्च म्हणतात तो येथे पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट दिसतो: शाळेची फी शून्य असली तरी मूल शाळेत बसले की घराचा गुराखी जातो, आणि गुराखी गेला की त्या दिवशी आईला किंवा बापाला मजुरी सोडावी लागते. फुकट शाळा त्या घराला फुकट पडत नव्हती.

यावर कोसबाडला निघालेला उपाय म्हणजे ‘कुरणशाळा’. मुले गुरांमागे कुरणात जात, तर शिक्षकाने कुरणात जावे. गुरे चरत असताना तेथेच अक्षरे आणि आकडे शिकवावेत. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी ‘विकासवाडी’ झाली, म्हणजे धाकटे भावंड पाळण्यात आणि थोरली बहीण वर्गात अशी सोय झाली. वस्तीच्या अंगणातच लहान मुलांना गोळा करून शिकवण्याच्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ आली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला. (आज कित्येक अंगणवाड्यांना अंगणच नसते, ती गोष्ट वेगळी.)

कुरणशाळेचे वर्णन पुष्कळदा एखाद्या रम्य चित्रासारखे केले जाते. त्यामुळे तिच्यातील मर्म हरवते. ती निसर्गप्रेमापोटी निघाली नव्हती. घराला पडणारी शाळेची खरी किंमत कमी करणे हा तिचा हेतू होता, आणि ही किंमत कमी करताना मुलाला जे आधीच येत होते त्याचाही शाळेने हिशेब धरला. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी पुढे साखर कारखान्यांच्या परिसरात ज्या साखरशाळा निघाल्या, त्यांच्यामागेही मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे हाच विचार होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप तज्ज्ञांकडून येत नाही, तो पालकांकडून येतो. ‘आमचे पोर रानात वाढलेच आहे, त्याला शाळेत पाठवायचे ते रान दाखवायला का?’ असे एखाद्या आदिवासी बापाने विचारले तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. त्याने पिढ्यान्पिढ्या सावकाराच्या वहीवर अंगठा उठवला आहे आणि वाचता न येण्याची किंमत त्याला नेमकी माहीत आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्के मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. अशा स्थितीत जो कोणी मुलांना वर्गाबाहेर न्या म्हणेल, त्याने बाहेर नेऊन वाचन कसे सुधारेल हे सांगितलेच पाहिजे. नुसती बागडणारी मुले दाखवून भागणार नाही.

त्याचे उत्तर कोसबाडच्या पद्धतीतच सापडते. तेथे रान हा शिकवण्याचा विषय नव्हता. रानाच्या आधाराने लिहिणे, वाचणे आणि मोजणे शिकवायचे होते. ज्या मुलाच्या घरची बोली वारली आहे, त्याला ‘पोपटाचा प’ आणि ‘पळसाचा प’ यांत फरक पडतो. पळसाच्या किती पानांची एक पत्रावळ होते आणि पन्नास माणसांच्या पंगतीला किती पाने आणावी लागतील, हे गुणाकाराचे उदाहरण त्याला हातांनी सोडवता येते. ओढ्याचे पाणी आज कोणत्या दगडापर्यंत चढले हे रोज लिहून ठेवले की वहीत आठवड्याने आलेख काढण्याजोगे आकडे जमतात. अक्षर आणि वस्तू यांच्यातले अंतर कमी झाले की वाचन लवकर येते, हा अनुभव कोणत्याही चांगल्या प्राथमिक शिक्षकाला असतोच. तेव्हा वाचन की निसर्ग, हा वाद मुळातच चुकीचा मांडला जातो.

मग अडते कोठे? अडते ते हिशेबाच्या वहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय हवे याची यादी आहे: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि भोवती भिंत किंवा कुंपण. यादीतील एकही गोष्ट अनावश्यक नाही. मुलींच्या स्वतंत्र स्वच्छतागृहाचा आग्रह तर आणखी कडकपणे धरला पाहिजे. परंतु जे बांधता येते ते मोजता येते आणि जे मोजता येते त्यावर तरतूद होते, हा सरकारी अंदाजपत्रकाचा स्वभाव आहे. कुंपण बांधून झाल्याचा दाखला देता येतो. कुंपणापलीकडच्या ओढ्यावर काय शिकवले याचा दाखला देण्याचा रकाना कोठेच नाही.

शिवाय उघड्यावरची शाळा जागेच्या दृष्टीने स्वस्त असली तरी शिक्षकाच्या दृष्टीने महाग असते. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. भिंतींच्या आत एक शिक्षक तीस मुलांना कसेबसे सांभाळतो. ओढ्याकाठी पंधरा मुले असली तरी त्याची नजर पुरत नाही. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी आणि संगणकावर भरावयाची माहिती यांत त्याचा वेळ जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा दिवस दप्तराविना शिकण्याची कल्पना मांडली, पण ती सहावी ते आठवीसाठी. ज्या वयात मूल प्रत्येक मुंगीपाशी थांबते, त्या वयाच्या वाट्याला बहुधा वार्षिक सहलच येते.

आणि येथेच एक विसंगती नजरेत भरते. शिक्षकाची नजर पुरेल एवढी कमी मुले असलेल्या, बाहेर पडताच रान लागते अशा शाळा राज्यात अस्तित्वात आहेत. त्या डोंगरपाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा. सरकारी भाषेत मात्र त्यांचे नाव ‘कमी पटाच्या शाळा’ असे आहे आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तोट्यातल्या दुकानाकडे पाहण्याची आहे. दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय २०१७ साली जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार पुढे आला. दर मुलामागे खर्च किती, हा एकच आकडा समोर ठेवला तर हा विचार बिनचूक वाटतो. अगदी लहान शाळेत मुलाला बरोबरीचे सवंगडी मिळत नाहीत आणि एकाच शिक्षकाला चार इयत्ता ओढाव्या लागतात, ही तक्रारही खोटी नाही. परंतु शाळा दोन-तीन कोस दूर गेली की कुरणशाळेने कमी केलेली घराची किंमत पुन्हा चढते. ती सरकारच्या खर्चात दिसत नाही, कारण ती पाड्यावरच्या आईबापांच्या खात्यावर पडते; आणि ओढा ओलांडून पावसाळ्यात पाठवावयाचे मूल मुलगी असेल तर ते खाते पुष्कळदा तेथेच बंद होते. शहरातील पालक ज्या पंधरा मुलांच्या वर्गासाठी आणि शाळेमागच्या झाडीसाठी भरमसाट पैसे मोजतो, तीच परिस्थिती पाड्यावर आयती असताना तिला तोटा म्हणून मांडणारा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे.

या शाळा बंद करण्यापूर्वी त्यांना निदान पाच वर्षे वेगळ्या रीतीने चालवून पाहावे. आठवड्यातील दोन सकाळी वर्ग बाहेर भरावा आणि तो वेळ परिसर अभ्यास, भाषा व गणित या तिन्हींच्या तासिकांत धरला जावा. शिक्षकाबरोबर पाड्यावरचीच एखादी जाणती बाई किंवा म्हातारा मानधनावर नेमावा. त्यांना झाडे ओळखता येतात, सापाची वाट कळते आणि मुलांची बोलीही येते. पाचवीअखेर या मुलांचे वाचन व गणित शेजारच्या मोठ्या शाळेतील मुलांच्या तोडीचे आहे की नाही हे तपासावे, आणि नसेल तर तसे उघड सांगावे.

मात्र त्याआधी एक साधी, कागदावरची गोष्ट व्हावयास हवी. मुलाला विंचू चावला किंवा ते पाय घसरून पडले तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर आज शिक्षकाला एकट्यालाच द्यावे लागेल अशी त्याला भीती वाटते. ती अनाठायी नाही. म्हणून इच्छा असलेला शिक्षकही मुलांना फाटकाबाहेर नेत नाही. मुलांचा अपघात विमा, जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील व विंचूदंशावरील औषधाची खातरजमा आणि नेमून दिलेली काळजी घेतली असल्यास शिक्षकाला संरक्षण, एवढे तीन मुद्दे असलेले परिपत्रक शिक्षण खात्याला शाळा उघडण्यापूर्वी काढता येईल. त्याला एकही नवी वर्गखोली लागत नाही.