मशीन नवं, कॉफी कडू : घरच्या एस्प्रेसोचं कुठे चुकतं?

तुमच्या घरी माळ्यावर एखादा सँडविच मेकर आहे ना? आणि शेजारी दोनदाच वापरलेला ज्यूसर? आमच्या इंदूरच्या घरी गेल्या दिवाळीनंतर माझं एस्प्रेसो मशीन त्याच रांगेत जाऊन बसणार होतं. पहिल्या बोनसमधून घेतलेलं. किंमत ऐकून आई एवढंच म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

पण आईच्या 'बरं'पेक्षा जास्त लागलं ते बाबांचं वागणं. मी रोज सकाळी त्यांच्या मोठ्या मगात कॉफी द्यायचे. ते "छान झालीय" म्हणत ती संपवायचे आणि अर्ध्या तासाने गुपचूप गॅसवर आल्याचा चहा ठेवायचे. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी त्यांच्या मगातला एक घोट मी घेतला. कडू, तुरट आणि वर पाणचट. हे प्यायचे बाबा, रोज, माझ्यासाठी.

दोष मशीनचा नव्हता, मगाचा होता. म्हणजे माझाच. मग भरेपर्यंत मी बटण चालू ठेवत होते.

आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये इन्स्टंट कॉफी, दूध आणि वाफेचा जोरदार फुर्रर आवाज, या सगळ्याला मिळून एस्प्रेसो म्हणतात. (मला ती आवडते, वाद नाही.) पण मूळची इटलीची एस्प्रेसो वेगळी. बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट थरातून 90 ते 96 अंश सेल्सिअसचं पाणी साधारण 9 बार दाबाने ढकलायचं आणि 25-30 सेकंदांत थांबायचं. मिलानच्या आकिले गाज्जिया यांनी 1940 च्या दशकात दांडा ओढून दाब देणारं मशीन आणलं, तेव्हापासून कपावर तो तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. त्याआधीची मशीन्स वाफेच्या कमी दाबावर चालायची.

आता मुख्य गोष्ट. पाणी कॉफीतून सगळं एकदम ओढून घेत नाही. आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, आणि शेवटी कडू-तुरट भाग. लवकर थांबलात तर कॉफी आंबट, उशिरा थांबलात तर कडू. कॉफीच्या वजनापैकी साधारण 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला की चव जमते, असं या क्षेत्रातले लोक मानतात. चहा जास्त उकळला की कडवट होतो हे आपल्याला पाठ असतं. इथे फरक इतकाच की चहाला मिनिटं मिळतात, एस्प्रेसोला सेकंद.

म्हणून पहिली खरेदी वजनकाट्याची. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. माझ्या मशीनच्या डबल जाळीत 16 ग्रॅम पूड मावते. कप काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, आणि कपात दुप्पट, म्हणजे 32 ग्रॅम कॉफी आली की बटण बंद. धार चालू असली तरी बंद. मोठा मग हवा असेल तर वरून गरम पाणी किंवा दूध घाला. मग भरायचं काम मशीनला सांगू नका.

हे केलं तरी पहिल्या दिवशी माझी कॉफी जमली नाही. 32 ग्रॅम अवघ्या 11 सेकंदांत आले, नळासारखी धार, आणि चव अशी की डोळे मिटावेत. तेव्हा कळलं की सगळा खेळ दळणाचा आहे.

दळणाचं आपल्याला काय सांगायचं! भाकरीचं पीठ वेगळं, भाजणी वेगळी, लाडवाचं बेसन वेगळं, हे गिरणीवाल्याला बजावून सांगणारे आपण लोक. तसंच इथे. एस्प्रेसोची पूड बारीक रव्यापेक्षाही बारीक हवी, पण मैदा नको. चिमटीत चोळली की किंचित कण लागला पाहिजे. जाड असेल तर पाणी सुसाट निघून जातं, फार बारीक असेल तर अडून बसतं. मिक्सरमध्ये दळू नका, हे कळवळून सांगते. मिक्सरचं पातं बिया फोडतं, दळत नाही; अर्धी धूळ, अर्धे तुकडे. मग एकाच कपात धुळीमुळे कडवटपणा आणि तुकड्यांमुळे आंबटपणा. मी हाताने फिरवायचा बर ग्राइंडर घेतला. (आई पुन्हा "बरं" म्हणाली.)

दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी नोंदी ठेवल्या. 16 ग्रॅम पूड, 32 ग्रॅम कॉफी, हे दोन्ही तेच ठेवून फक्त दळण बदललं. दोन खाचा बारीक केल्यावर 19 सेकंद. आणखी दोन खाचा, तर थेंब थेंब करत 43 सेकंद आणि घशात कारलं. एक खाच मागे आले, 28 सेकंद. धार पातळ मधासारखी, आधी गडद, मग हळूहळू फिकट. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी पहिल्या पंधरवड्यात पूड, दळण, पाणी सगळं एकदम बदलत होते, त्यामुळे कशाने काय झालं ते कळायलाच मार्ग नव्हता.

ग्राइंडर घ्यायचा नसेल तर कॉफी भाजणाऱ्यांकडूनच 'एस्प्रेसोसाठी दळून' छोटं पाकीट मागवा. दळण मग तुमच्या हातात नसतं, पण थांबायची वेळ असते. आंबट लागली तर 32 ऐवजी 38 ग्रॅमपर्यंत येऊ द्या, कडू लागली तर 28 लाच थांबा.

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजून आठवडा ते महिनाभर झालेली कॉफी उत्तम. अगदी काल भाजलेलीही नको, तिच्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि धार फसफसते. सुरुवातीला मध्यम किंवा थोडी गडद भाजलेली घ्या, हलकी भाजलेली नवख्या हाताला आंबटच लागते. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड मात्र इथे वापरू नका. ती पितळी फिल्टरमध्येच शोभते. आणि कॉफी परदेशीच हवी असं काही नाही. चिकमगळूर, कोडगूची अरेबिका-रोबस्टा मिळवून बघा. आपली मॉन्सून मलबार तर युरोपातल्या एस्प्रेसो मिश्रणांतही पडते.

पूड जाळीत भरताना टूथपिकने गुठळ्या मोडा, मग सरळ, सपाट दाबा. किती जोर लावता याला फार महत्त्व नाही, पण थर तिरपा नको. कोरड्या कुंडीत माती भेगाळली की पाणी भेगेतूनच पळतं आणि बाकी माती कोरडी राहते, अगदी तसंच इथे होतं. मशीनचा दिवा लागला म्हणजे ते तापलं असंही नाही. पूड न भरता एकदा नुसतं गरम पाणी सोडा, दांडा आणि कप दोन्ही तापतात.

डब्यावरच्या '15 बार', '20 बार'ला भुलू नका, तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. आणि स्वस्त मशीनसोबत तळाला एकच बारीक भोक असलेली दुहेरी जाळी येते. तिच्यातून फेस कसाही निघतो, त्यामुळे फेस बघून कॉफी जमली असं समजू नका. जिभेला विचारा.

बाबांना मी 28 सेकंदांवाला कप दिला. 32 ग्रॅम, वर गरम पाणी, थोडं दूध. "छान झालीय" म्हणाले नाहीत. मग खाली ठेवला आणि विचारलं, "अजून आहे का?"

आता सकाळी काटा तेच लावतात आणि 33 ग्रॅम झाले की स्वयंपाकघरातून मला हाक मारतात. आलं अजूनही आणावं लागतं. आईला कॉफी आवडत नाही.